चार जीबीतला संसार

इंटेलचा आय३-५००५यू हा प्रोसेसर २०१५ च्या सुरुवातीला बाजारात आला. दोन कोअर, दोन गिगाहर्ट्‌झचा वेग, विजेची गरज १५ वॉट. त्या सुमारास आणि पुढची दोन-तीन वर्षं कमी किमतीचा जो लॅपटॉप आपल्याकडे घरोघरी आला, त्यात बऱ्याचदा हा किंवा याच्याच तोलामोलाचा प्रोसेसर असे. सोबत चार जीबी रॅम आणि पाचशे जीबी किंवा एक टीबीची फिरती हार्ड डिस्क. यातले पुष्कळ लॅपटॉप अजून धडधाकट आहेत. स्क्रीन ठीक, कीबोर्ड ठीक, बिजागरीही शाबूत. पण चालू केल्यावर हाताशी यायला पाच-सात मिनिटं लागतात, ब्राउझर उघडला की माउसचा बाण जागच्या जागी थिजतो, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "म्हातारा झालाय तो, आता नवीन घ्या."

हे निदान चुकीचं आहे, आणि त्यापायी चांगली यंत्रं भंगारात जातात. म्हणून या प्रकरणात जरा सविस्तर सांगतो. प्रोसेसर वयोमानाने थकत नाही. २०१५ मध्ये तो सेकंदाला दोन अब्ज ठोके देत होता, आजही तेवढेच देतो. मग वेळ जातो कुठे, हे आधी डोळ्यांनी बघायला हवं. ते न बघता दुकानात गेलं की "फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो" एवढंच ऐकायला मिळतं. त्याने पंधरा दिवस बरं वाटतं, पुढे पुन्हा तेच.

बघायची सोय विंडोजमध्येच आहे. लॅपटॉप अडखळत असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. खाली 'मोअर डिटेल्स' दिसलं तर त्यावर क्लिक करा. वरच्या ओळीत सीपीयू, मेमरी, डिस्क असे रकाने दिसतात. चार जीबीच्या आणि फिरत्या डिस्कच्या लॅपटॉपवर तिथे बहुतेक वेळा असं चित्र असतं: सीपीयू १२-१५ टक्के, मेमरी ९० च्या वर, डिस्क १०० टक्के. पाच मिनिटं तसंच बघत बसा. डिस्कचा आकडा शंभरावरून हलत नाही, सीपीयू मात्र निवांत. लॅपटॉप कामाने दमलेला नाही, तो डिस्ककडून काहीतरी यायची वाट बघत ताटकळला आहे. हे एकदा दिसलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

आता ही वाट बघणं किती मोठं असतं ते पाहू. रॅममधून एखादी गोष्ट उचलायला प्रोसेसरला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. फिरत्या डिस्कवरून तीच गोष्ट आणायची तर आधी डिस्कचं वाचनशीर्ष योग्य वर्तुळावर सरकावं लागतं, मग तबकडी फिरून हवा तो भाग त्याच्याखाली यावा लागतो. लॅपटॉपमधल्या डिस्का बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेतात, म्हणजे एका फेरीला ११ मिलिसेकंद. शीर्ष सरकण्याचा वेळ धरून एका वाचनाला १० ते १५ मिलिसेकंद सहज जातात. हे आकडे इतके लहान आहेत की त्यांच्यातला फरक मनात उतरत नाही, म्हणून मोजपट्टी ताणून बघू. रॅममधल्या वाचनाला एक सेकंद लागतो असं धरलं, तर फिरत्या डिस्कवरच्या वाचनाला त्याच प्रमाणात एक दिवसाहून जास्त, सुमारे २८ तास लागतील. आणि फिरणारं काही नसलेल्या डिस्कला, म्हणजे एसएसडीला? पंधरा-वीस मिनिटं. जुन्या लॅपटॉपचं सगळं दुखणं आणि बराचसा उपाय या तीन आकड्यांत आला आहे: एक सेकंद, पंधरा-वीस मिनिटं, २८ तास.

जागा नसताना जागा दाखवण्याची युक्ती

पण मुळात रॅममधलं काम डिस्ककडे जातंच कशाला? याचं उत्तर साठ वर्षांहून जुनं आहे. इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न यांच्या गटाने ॲटलस नावाचा संगणक उभारला. डिसेंबर १९६२ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. त्याची मुख्य स्मृती फक्त १६ हजार शब्दांची होती, पण जोडीला फिरत्या चुंबकी ड्रमवर ९६ हजार शब्द मावत. तोवर कोणता तुकडा कधी ड्रमवर टाकायचा आणि कधी परत आणायचा, याची उठाठेव प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला करावी लागे. ॲटलसने ती स्वतःकडे घेतली. स्मृतीचे ठरावीक मापाचे तुकडे पाडले, त्यांना 'पेज' म्हटलं, आणि प्रोग्रॅमला भासवलं की सगळी जागा एकसंध आहे. जो तुकडा बराच वेळ लागलेला नाही तो ड्रमवर, जो मागितला तो आत. आजचं विंडोज, लिनक्स, मॅक, सगळे हीच युक्ती वापरतात. पेज बहुधा ४ केबीचं असतं, ड्रमच्या जागी डिस्क आली, आणि डिस्कवर त्यासाठी राखलेल्या जागेला विंडोजमध्ये पेजफाइल, लिनक्समध्ये स्वॅप म्हणतात.

युक्ती उत्तमच आहे. तिच्यामुळेच चार जीबीच्या लॅपटॉपवर सहा जीबीचं काम मांडता येतं. ती कुठे कोसळते हे पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये दाखवलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: प्रत्येक प्रोग्रॅमने कितीही जागा मागितली, तरी एखाद्या वेळी त्याला खरोखर हाताळावी लागणारी पेजेस थोडीच असतात. हा त्याचा 'वर्किंग सेट'. चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रॅमचे वर्किंग सेट मिळून रॅममध्ये मावतात तोवर सगळं सुरळीत चालतं. ती बेरीज रॅमच्या जरा जरी वर गेली, की एकासाठी पेज आणायला दुसऱ्याचं लागणारं पेज बाहेर काढावं लागतं, लगेच तो ते परत मागतो, त्यासाठी तिसऱ्याचं बाहेर जातं. संगणक मग काम सोडून नुसती ने-आण करत राहतो. याला 'थ्रॅशिंग' म्हणतात, आणि आपण ज्याला 'हँग झाला' म्हणतो ते पुष्कळदा हेच असतं.

यातली लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे ही घसरण हळूहळू होत नाही, एकदम होते. सात टॅबपर्यंत लॅपटॉप सुरळीत असतो, आठवा उघडला की गोठतो. वापरणाऱ्याला वाटतं, व्हायरस आला, काहीतरी बिघडलं. बिघडलेलं काहीच नसतं, फक्त काठ ओलांडलेला असतो. हिशेब करून पाहा. डिस्कवर गेलेली १०० एमबी परत आणायची तर ४ केबीची २५,६०० पेजेस आली. फिरती डिस्क अशी विखुरलेली वाचनं सेकंदाला फार तर शंभरेक करते. म्हणजे वाईटात वाईट परिस्थितीत एवढ्याशा ऐवजाला सव्वाचार मिनिटं! प्रत्यक्षात विंडोज शेजारची पेजेस एकत्र उचलतं, म्हणून वेळ इतका लागत नाही. पण टास्कबारवर क्लिक करून खिडकी वर यायला अर्धा मिनिट का जातो, ते यावरून कळावं.

आणि याच गणितात आशाही आहे. काठ थोडक्यात ओलांडला असेल, तर मागे येण्यासाठीही थोडकंच करावं लागतं. चारशे-पाचशे एमबी मोकळी झाली तरी लॅपटॉप पुन्हा ताळ्यावर येतो. सगळी उस्तवार या चारशे-पाचशे एमबीसाठी आहे.

ओझं कुणी वाढवलं

विंडोज १० नुसतं चालू करून ठेवलं तरी दीड-दोन जीबी व्यापतं. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला वेगळी मेमरी नसते, तोही याच चारातून वाटा घेतो. उरलेल्या जागेत सगळ्यांत मोठा खाणारा म्हणजे ब्राउझर. क्रोम २००८ मध्ये आला तोच प्रत्येक टॅबला शक्यतो वेगळी प्रोसेस देण्याची पद्धत घेऊन. एक टॅब कोलमडला तर बाकीचे टिकावेत, हा हेतू. २०१८ मध्ये प्रोसेसरमधल्या स्पेक्टर या सुरक्षादोषाचा गाजावाजा झाला, तेव्हा क्रोमने वेगवेगळ्या संकेतस्थळांचा मजकूर आणखी काटेकोरपणे वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये कोंडला. त्यासाठी १० ते १३ टक्के जास्त मेमरी लागेल असं गूगलने तेव्हाच सांगितलं होतं. तुमच्या बँकेचा पासवर्ड शेजारच्या टॅबला वाचता येऊ नये, यासाठीची ती किंमत आहे, आणि ती रास्त आहे.

सगळंच ओझं रास्त मात्र नाही. पास्कल ही संगणकभाषा घडवणारे निकलाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच एका लेखात तक्रार केली होती, की यंत्रं जितक्या वेगाने सुधारतात त्याहून जास्त वेगाने सॉफ्टवेअर सुस्तावत चाललं आहे. एखाद्या बातमीच्या पानावर चार परिच्छेदांचा मजकूर, आणि त्याभोवती आपोआप सुरू होणारा व्हिडिओ, सरकत्या जाहिराती, मागोवा घेणाऱ्या स्क्रिप्टा. आपल्या मराठी बातम्यांची पानंही याला अपवाद नाहीत. चार जीबीवाल्याची मेमरी इथे फुकट जाते, आणि मला याचा राग येतो. जुन्या लॅपटॉपवर अभ्यास करणाऱ्या मुलीने हा भार का वाहावा?

म्हणून पहिला उपाय ब्राउझरपासून. फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन टाका. अशा पानांवर फरक लगेच जाणवतो. क्रोममध्ये सेटिंग्जमधल्या परफॉर्मन्समध्ये मेमरी सेव्हर आहे, एजमध्ये टॅबना झोपवण्याची सोय आहे. दोन्ही चालू ठेवा. बाकीची एक्स्टेंशनं एकेक करून तपासा. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणता टॅब, कोणतं एक्स्टेंशन किती मेमरी अडवून बसलंय ते नावानिशी दिसतं. व्हॉट्सॲप फोनवर असताना लॅपटॉपवरही दिवसभर उघडं लागतं का, याचाही विचार करावा.

मग विंडोजचा टास्क मॅनेजर पुन्हा उघडून त्यातला 'स्टार्टअप' भाग बघा. लॅपटॉप सुरू होताच न विचारता उभे राहणारे प्रोग्रॅम इथे असतात: प्रिंटरची मदतनीस, व्हिडिओ कॉलची दोन-तीन ॲप, गेमचं लाँचर, लॅपटॉप कंपनीने आधीच टाकून दिलेल्या चार गोष्टी. टचपॅड, आवाज आणि अँटिव्हायरस सोडून बाकीचं बहुतेक 'डिसेबल' करता येतं. त्याने प्रोग्रॅम उडत नाही, फक्त आपण उघडेपर्यंत गप्प बसतो. अँटिव्हायरस एकच हवा. विंडोजमध्ये डिफेंडर असतोच. विकतच्याची मुदत संपली असेल तर तो काढून टाका.

एका गोष्टीपासून मात्र लांब राहा: रॅम साफ करून वेग वाढवण्याचा दावा करणारे प्रोग्रॅम. ते करतात काय? चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रॅमना त्यांची पेजेस सोडायला लावतात. मोकळ्या रॅमचा आकडा झर्रकन वाढतो आणि बरं वाटतं. पण ती पेजेस लागणारच होती, म्हणून पुढच्याच क्षणी ती परत मागवली जातात, त्यातली काही थेट डिस्कवरून. दुखणं होतं तेच वाढवलं. मोकळी रॅम ही मुळात कमाई नव्हेच. विंडोज शिल्लक जागेत नेहमी लागणाऱ्या फाइली आणून ठेवतं आणि गरज पडताच ती जागा सोडतं. आकडा बघायचा तो 'अव्हेलेबल'चा. आणि नेमकी डोकेदुखी मोजायची असेल तर विंडोजमधल्याच रिसोर्स मॉनिटरच्या मेमरी भागात 'हार्ड फॉल्ट्स' हा रकाना असतो. पेज रॅममध्ये सापडलं नाही आणि डिस्ककडे जावं लागलं, असं सेकंदाला किती वेळा घडलं ते त्यात दिसतं. तो आकडा सतत शेकड्यांत राहिला, तर काठ ओलांडला आहे हे नक्की.

पैसे खर्चायचे तर कुठे

एवढं करूनही भागलं नाही, तर स्क्रूड्रायव्हर घ्यावा लागतो. दोन गोष्टी बदलता येतात, डिस्क आणि रॅम. दोन्ही परवडत असतील तर दोन्ही बदला. एकच परवडत असेल तर माझं मत स्वच्छ आहे: आधी एसएसडी. रॅम वाढवल्याने पेजांची ने-आण थांबते हे खरं, पण विंडोज सुरू होणं, प्रोग्रॅम उघडणं, अपडेट बसणं या सगळ्याला डिस्क लागतेच. एसएसडीने हे सगळं सुधारतं, शिवाय ने-आण झाली तरी ती २८ तासांऐवजी पंधरा-वीस मिनिटांच्या हिशेबाने होते. एसएसडीत फिरणारं काही नसल्याने विखुरलेली वाचनं ती सेकंदाला हजारोंनी करते.

या लॅपटॉपला अडीच इंची साटा एसएसडी लागते. ७ मिलिमीटर जाडीची घ्या, ती जुन्या ९.५ मिलिमीटरच्या जागेतही बसते. दुकानात आज पुढ्यात ठेवली जाते ती च्युइंगगमच्या पट्टीसारखी एम.टू असते, इतक्या जुन्या लॅपटॉपमध्ये तिची जागा बहुधा नसते. जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं उतरवायला क्लोनझिला हा मोफत प्रोग्रॅम आहे. विंडोज १० चं डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं, तेव्हा डिस्क बदलल्याने ते जात नाही. नव्याने विंडोज टाकलं तरी इंटरनेट मिळताच ते आपोआप ओळखलं जातं. एसएसडीवर डीफ्रॅग मात्र करू नका, तिथे त्याचा उपयोग नाही.

रॅम घेण्याआधी टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स', मग 'मेमरी' बघा. 'स्लॉट्स यूज्ड' पुढे '१ ऑफ २' लिहिलेलं असेल तर दैव बलवत्तर. आय३-५००५यू १६ जीबीपर्यंत रॅम पेलतो, पण तिची जात नेमकी लागते: डीडीआर३एल. जुन्या पट्टीच्या लेबलवर पीसी३एल-१२८०० असं छापलेलं असतं. त्यातला 'एल' महत्त्वाचा, कारण तो १.३५ व्होल्टची खूण आहे. साधी डीडीआर३ दीड व्होल्टची असते आणि ती इथे चालत नाही. डीडीआर४ तर बसणारच नाही, तिची खाच दुसऱ्या ठिकाणी असते.

पट्टी बसवणं अवघड नाही, घाई नसली म्हणजे झालं. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी काढा. ती आत असेल तर तिचं कनेक्टर सोडवा. पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे उरलासुरला चार्ज जाईल. एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला हात लावा. मग पट्टी कडेने धरा, सोनेरी टोकांना बोट लागू देऊ नका. तिची खाच सॉकेटमधल्या उंचवट्यासमोर आणा आणि पट्टी तिरकी, अंदाजे तीस अंशांत, आत सरकवा. सोनेरी कडा जेमतेम दिसेनाशी झाली की ती खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या चिमुकल्या धातूच्या पकडी बाजूला होऊन परत येतात आणि 'टक' असा आवाज होतो. तो आला नाही तर जोर लावू नका, पट्टी बाहेर घेऊन खाच पुन्हा जुळवा. दोन पट्ट्या झाल्या की प्रोसेसर दोघींकडून एकाच वेळी वाचू शकतो, आणि त्याचा फायदा ग्राफिक्सलाही मिळतो.

झाकण उघडलंच आहे तर पंखा बघा. प्रोसेसर थकत नाही असं वर म्हटलं, पण तो तापतो, आणि या प्रोसेसरची मर्यादा १०५ अंश सेल्सियस आहे. तिच्या जवळ गेला की तो स्वतःच वेग कमी करतो. लॅपटॉप बहुतेक कंपन्या ३५ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवतात. अकोल्यात किंवा चंद्रपुरात मे महिन्यात बाहेर ४५ असताना ही अट कोण पाळणार! म्हणून निदान जाळीतली धूळ काढावी, आणि गादीवर, उशीवर लॅपटॉप ठेवू नये, कारण हवा खालूनच आत जाते.

राहिला विंडोजचाच प्रश्न. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो, आपला पाचव्या पिढीचा आहे. आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. इथे लिनक्सचा विचार मनापासून करावा. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किंवा लुबुंटू सुरू होऊन स्थिरावते ती एक जीबीच्या आसपास. चारातले जवळजवळ तीन तुमच्यासाठी उरतात. शिवाय लिनक्समध्ये झेडरॅम आहे: न लागणारी पेजेस डिस्कवर टाकण्याऐवजी तो रॅममध्येच दाबून, आवळून ठेवतो. फेडोराने २०२० पासून तो सर्रास चालू ठेवला आहे, मिंटमध्ये आपण बसवू शकतो. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघता येतं, डिस्कला हात न लावता. वाय-फाय, आवाज, प्रिंटर, सगळं तिथेच तपासून घ्यावं. देवनागरीचं टंकलेखन इनस्क्रिप्टने सुरळीत होतं आणि लिब्रेऑफिस मराठी मेनूंसह मिळतं.

पण सरसकट सगळ्यांना मी लिनक्स सुचवणार नाही. ज्यांचं पोट डीटीपीवर आहे, ज्यांच्या फाइली २००१ नंतर नवी आवृत्तीच न निघालेल्या पेजमेकरमध्ये आणि युनिकोडपूर्व मराठी फाँटमध्ये अडकल्या आहेत, त्यांनी विंडोज सोडू नये. त्या लॅपटॉपचं इंटरनेट काढून तो फक्त त्या कामाला ठेवावा. टॅली किंवा डिजिटल सहीचं टोकन वापरणाऱ्यांनीही आधी चौकशी करावी.

काही लॅपटॉपना यातलं बरंच काही लागू पडत नाही. दोन जीबी रॅम आणि ३२ जीबी साठा दोन्ही मदरबोर्डवरच सोल्डर केलेले जे छोटे लॅपटॉप निघाले होते, त्यात बदलण्यासारखं काही नसतं. त्यांच्यावर अँटीएक्ससारखं अगदी हलकं लिनक्स टाकून लेखन, वाचन, गाणी एवढ्यापुरते ते वापरता येतात. व्हिडिओ कॉल आणि दहा टॅब त्यांच्याकडून होणार नाहीत, आणि त्यासाठी त्यांच्यावर पैसे घालू नयेत.

एसएसडी बसवली की जुनी डिस्क हातात उरते. ती फेकू नका. अडीच इंची यूएसबी केसमध्ये घातली की तिची बाहेरची डिस्क होते. आधी क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅमने तिची प्रकृती बघा. 'गुड' दिसलं तर घरातल्या फोटोंची दुसरी प्रत तिच्यावर ठेवा. 'कॉशन' दिसलं तर आहे ते त्याच दिवशी उतरवून घ्या.